एवढ्याशा पाण्यात खाणार काय ती?

सिनियर्स पास आऊट होताना हॉस्टेलमध्ये काय काय सोडून जातात याची यादी केली तर या अंकाची एक पुरवणी काढावी लागेल. पंक्चर सायकली, कापूस निघालेल्या गाद्या, लोकल ऑथरच्या पुस्तकांचे गठ्ठे, ड्रॉइंग बोर्ड... आमच्या विंगच्या वाट्याला मात्र एक फिश टँक आला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तोही साध्या पाण्याचा नाही, चक्क खाऱ्या पाण्याचा! समुद्र इथून एसटीने सहा तासांवर आणि आमच्या टीव्ही रूमच्या कोपऱ्यात क्लाउनफिशची जोडी. रेक्टर सर रात्रीच्या राऊंडला आले की आधी माशांची हजेरी घ्यायचे, मग आमची.

टँक वरच्या मजल्यावरून टीव्ही रूममध्ये हलवताना आम्ही एक हुशारी केली. आतले दगड आणि वाळू नळाखाली घासून लख्ख करून घेतले. त्या दगडांवर आणि वाळूत राहणारे, माशांची घाण पचवणारे जिवाणू त्या नळाखालीच वाहून गेले हे आम्हाला नंतर कळलं. दोन आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर चढला, मग काचेवर हिरवा. दगडांवर केसांसारखं शेवाळ डोलायला लागलं. सबमिशनचे दिवस होते, त्यामुळे टँक घासायला वेळ कोणाला?

मग मुंबईच्या एका दुकानात फोन केला. पलीकडून एका मिनिटात उपाय आला. ‘क्लीन-अप क्रू टाका. गॅलनला एक जनावर, सिंपल फॉर्म्युला आहे.’ दोन घनफूट म्हणजे ५६ लिटरच्या वर, म्हणजे १५ गॅलन, म्हणजे १५ जनावरं. आम्ही इंजिनियर! फॉर्म्युला मिळाला की व्हॅल्यू टाकायची, डेरिव्हेशन कोण विचारतो? वर्गणी काढली. सहा मोठ्या टर्बो गोगलगायी, चार नॅसारियस गोगलगायी, शंखात राहणारे चार खेकडे आणि एक तारामासा असा ताफा थर्माकोलच्या खोक्यात बसून रातराणीने आला.

सकाळी खोकं उघडलं तेव्हा आमच्या मजल्याच्या मावशी झाडू मारत होत्या. माहेर कोकणातलं, त्यामुळे शंख-शिंपल्यांचं त्यांना कौतुक नव्हतं. त्यांनी एकदा टँककडे बघितलं, एकदा खोक्याकडे आणि म्हणाल्या, ‘‘एवढ्याशा पाण्यात एवढी जनावरं? खाणार काय ती?’’

आम्ही हसलो. ‘‘मावशी, शेवाळ खाणार!’’

‘‘आणि ते संपल्यावर?’’

या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हतं. हा लेख त्या प्रश्नावर आहे. कारण पुढे जे झालं ते या प्रश्नाचंच उत्तर होतं. पहिले दहा दिवस काच आरशासारखी! आम्ही फोटो काढून सिनियर्सना पाठवले. तिसऱ्या आठवड्यात टर्बो एका जागी बसून राहायला लागल्या. खेकड्यांनी एकीला ओढून काढलं आणि तिचा शंख बळकावला. तारामासा वाळूखाली गेला तो परत वर दिसलाच नाही. पी.एल. सुरू झाली, सगळे घरी गेले. आठ दिवसांनी परत आलो तर टीव्ही रूमला मासळी बाजाराचा वास. दगडामागे एक मोठी टर्बो मरून सडली होती, पाण्यात अमोनिया झाला होता आणि जोडीतला एक क्लाउनफिश तळाशी आडवा पडला होता.

टँकमध्ये सफाईची जनावरं ठेवूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पण ती ‘गॅलनला एक’ अशी मोजून आणायची नसतात, आणि आपल्या आळसाच्या बदल्यात तर नाहीच नाही.

आधी आपल्या भाषेत समजून घेऊ. सेकंड इयरला सगळ्यांना मास बॅलन्स असतो. टँक म्हणजे कंट्रोल व्हॉल्यूम. आत काय येतं? आपण टाकतो ते माशांचं खाणं. त्यातून माशाची विष्ठा, त्यातून अमोनिया, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन शेवाळ वाढतं. आता गोगलगाय आली. तिने शेवाळ खाल्लं. पुढे? तीसुद्धा विष्ठाच टाकते! म्हणजे काचेवरचा माल परत पाण्यात. बाहेर काय गेलं? काहीच नाही. दगडांच्या आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे काही जिवाणू थोड्या नायट्रेटचा वायू करून सोडून देतात हे खरं. पण छोट्या टँकमध्ये त्यावर विसंबता येत नाही, आणि फॉस्फेटला तर ती वाटसुद्धा नाही.

आकडे घालून बघा. समजा, आपल्या खाण्यामुळे आठवड्याला नायट्रेट ४ पीपीएमने वाढतं आणि आपण आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो. स्टेडी स्टेटला आत येणारं बरोबर बाहेर जाणारं, म्हणजे कॉन्सन्ट्रेशनचे १० टक्के बरोबर ४. उत्तर ४० पीपीएम. पाणी २० टक्के बदललं तर २०. त्यात खाणं निम्मं केलं तर १०. आता सांगा, या समीकरणात गोगलगाय कुठे आहे? तिची टर्मच नाही! फार तर तिच्या अंगात वाढीपुरता थोडा नायट्रोजन अडकतो, आणि ती मेली की तोही व्याजासकट परत. दगडामागच्या टर्बोने आम्हाला तेच दाखवून दिलं.

इथे अजून एक गंमत. आमचं टेस्ट किट नायट्रेट जवळजवळ शून्य दाखवत होतं, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण ते शून्य होतं कारण सगळं नायट्रेट शेवाळाने आधीच पिऊन टाकलं होतं. परीक्षेत कोणी शंका विचारत नाही म्हणजे सगळ्यांना सगळं आलं असं नसतं, तसंच हे.

मग ही जनावरं करतात काय? दोन कामं चांगली करतात. जिथे आपला हात पोचत नाही अशा फटींमधलं कोवळं शेवाळ खरवडतात, आणि उरलेलं अन्न सडायच्या आधी खाऊन टाकतात. मोठ्या घाणीची बारीक घाण करतात, म्हणजे ती पाइपने ओढून काढणं सोपं जातं. पण ओढून काढायचं आपणच!

म्हणूनच निवड करताना ‘किती लिटर’ हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न: घाण कोणती? कारण प्रत्येकाचं तोंड वेगळं असतं.

नवीन टँकमध्ये वाळूवर येणारा तपकिरी थर डायटम्सचा. तो बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपण ओसरतो. त्यासाठी कोणालाही आणायची गरज नाही, धीर धरायची गरज आहे. आम्ही ज्या तपकिरी थराला घाबरून फोन लावला तो हाच होता.

लालसर-जांभळा बुळबुळीत पडदा दिसला तर ते शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. त्याला भरवशाने खाणारं जनावर जवळजवळ कोणी नाही. तिथे खाणं कमी करणं, पाण्याचा प्रवाह वाढवणं आणि पाइपने ओढून काढणं हाच इलाज.

काचेवरच्या आणि दगडावरच्या कोवळ्या हिरव्या थरासाठी ट्रोकस गोगलगाय उत्तम. उलटी पडली तर आपली आपण सरळ होते. हे क्षुल्लक वाटेल, पण अ‍ॅस्ट्रिया नावाची तिची बहीण वाळूवर उलटी पडली की सहसा तशीच राहते आणि उपाशी मरते नाही तर खेकड्याच्या पोटात जाते. रोज सकाळी उठून गोगलगायी सुलट्या करायची ज्यांची तयारी असेल त्यांनीच ती आणावी. (आमच्या विंगमध्ये सकाळी उठणाऱ्यांचाच प्रश्न आहे.)

सेरिथ ही बारीक, लांबट गोगलगाय. दिवसा वाळूत, रात्री कामावर. वाळूवरचा थर आणि बारीकसारीक कचरा खाते. छोट्या टँकला माझं पहिलं मत हिलाच.

नॅसारियस शेवाळ खातच नाही! ती मांसाहारी सफाईवाली. वाळूत गाडून घेऊन फक्त सोंड वर ठेवते आणि खाण्याचा वास आला की उठून धावते. मेसची घंटा झाल्यावर आम्ही उठतो अगदी तशीच. शेवाळासाठी आम्ही चार नॅसारियस आणल्या होत्या, म्हणजे झाडलोट करायला चार आचारी.

नेराइट काच छान साफ करते, पण पाण्याबाहेर चढून फिरायला जाते आणि काचेवर साबुदाण्यासारखी पांढरी अंडी चिकटवून ठेवते. झाकण असेल तरच.

आता आमच्या मोठ्या टर्बो. दुकानात मिळते ती बहुतेकदा मेक्सिकोच्या बाजूची, कॅलिफोर्नियाच्या आखातातली, त्यामानाने गार पाण्याची. लांबलचक शेवाळ ती झपाट्याने खाते. पण दोन फुटी टँकमधलं शेवाळ तिला आठवड्या-दोन आठवड्यांत संपतं, मग ती उपाशी. त्यात एप्रिल-मेमध्ये टीव्ही रूमचं तापमान. वरून अंगाने दांडगी, सैल रचलेले दगड पाडते. एखाद्या मित्राकडून आठ दिवसांसाठी उसनी आणून परत करता आली तरच तिचा उपयोग.

शंखातले खेकडे दिसायला गोड, पण वाढले की त्यांना मोठा शंख लागतो. रिकामा मिळाला नाही तर ते भरलेला रिकामा करतात. ठेवायचाच तर एक ठेवा आणि सोबत दोन-तीन मोठ्या मापाचे रिकामे शंख टाका.

वाळू चाळणारा तारामासा आणि समुद्रकाकडी छोट्या टँकमध्ये नकोच. तारामासा वाळूतले सूक्ष्म जीव खातो. ते संपले की तो महिनोन् महिने हळूहळू खंगतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. समुद्रकाकडी मेली किंवा पंपात अडकली तर तिच्या अंगातल्या विषाने सगळा टँक जाऊ शकतो. शिवाय तो कायद्याचाही प्रश्न आहे. आपल्याकडे २००१ साली प्रवाळ आणि सर्व समुद्रकाकड्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या, म्हणजे वाघाच्या पंगतीला. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातून काढून विकला जाणारा दगड हा पुष्कळदा प्रवाळाचाच सांगाडा असतो, तेव्हा तिथेही हात आखडता घ्यावा. कृत्रिम दगडावरही जिवाणू वस्ती करतात, फक्त त्यांना दोन महिने द्यावे लागतात.

ओघाने आणखी एक. ‘विकत कशाला आणायचं? ट्रिपला कोकणात जातोच आहोत, ओहोटीला चार शंख उचलून आणू,’ असं सुचवणारा एक तरी महाभाग प्रत्येक विंगमध्ये असतोच. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही. पण इतरत्रही उचलू नये. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या जनावराला दिवसातून दोनदा पाणी येण्या-जाण्याची सवय असते. बंद टँकमध्ये ते चढून बाहेर पडतं आणि टीव्हीमागे सुकून सापडतं. आणि किनाऱ्यावरचा रिकामा शंखसुद्धा नेहमी रिकामाच असतो असं नाही. आज नाही तर उद्या तो कुठल्या तरी खेकड्याची खोली असतो. खोली न मिळण्याचं दुःख हॉस्टेलवाल्यांना मी काय सांगणार!

आता कोणी म्हणेल, ‘समुद्रात तर खडकाखडकाला गोगलगायी असतात, तिथे कोण पाणी बदलतं?’ मुद्दा बरोबर आहे, पण समुद्रात लाटा आहेत, भरती-ओहोटी आहे, आणि एका खडकावरचं शेवाळ संपलं की पुढचा खडक आहे. आपल्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता पाणी उरतं जेमतेम ४५ लिटर. दोन बादल्या आणि वर थोडं. पुढचा खडक नाही. भरती-ओहोटी म्हणजे आपणच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मीठ महाग, गोगलगाय स्वस्त. तोही हिशोब करू. ४५ लिटरचे १० टक्के म्हणजे साडेचार लिटर. लिटरला साधारण ३५ ग्रॅम धरलं तर आठवड्याला १६० ग्रॅमच्या आसपास समुद्री मीठ. (टँकसाठी मिळतं तेच. मेसमधलं चालत नाही, गोगलगायीच्या शंखाला लागणारं कॅल्शियम त्यात नसतं.) पंधरा जनावरांना आम्ही जे पैसे घातले त्यात कित्येक महिन्यांचं मीठ आलं असतं. आणि मासा जिवंत राहिला असता, तो हिशोब वेगळाच.

तेव्हा आता आमच्या टँकचे नियम असे आहेत. टँक नव्याने लावल्यावर अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन टिकेपर्यंत आणि शेवाळ स्वतः दिसेपर्यंत कोणीही आणायचं नाही. मग तीन सेरिथ आणि एक ट्रोकस, बस्स. महिनाभर थांबायचं. काच आठवड्याला एकदा पुसूनही हिरवी होत असेल तर आधी खाणं कमी करायचं, आणि तरीही गरज वाटली तर अजून एक. नवीन जनावर पिशवीतून थेट पाण्यात सोडायचं नाही. मेडिकलमधून सलाइनचा सेट आणायचा आणि टँकचं पाणी थेंब थेंब पिशवीतल्या पाण्यात तासभर पडू द्यायचं, कारण खारेपणातला अचानक फरक गोगलगायींना सोसत नाही. उडून गेलेल्या पाण्याची भर आर.ओ.च्या गोड्या पाण्याने, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. हायड्रोमीटर १.०२५च्या आसपास राहिला पाहिजे. आणि मासा आजारी पडला म्हणून तांब्याचं औषध टँकमध्ये घालायचं नाही. माशाला बरं करणारं तांबं गोगलगायी, खेकडे आणि कोळंबी यांना मारतं.

कोळंबीचं नाव निघालं म्हणून सांगतो. आमच्याकडे आता एक पेपरमिंट कोळंबी आहे, कारण दगडावर ऐप्टेशिया नावाची उपद्रवी समुद्रफुलं उगवली होती आणि ती त्यांना खाते. घाण ओळखून जनावर आणण्याचं हे आमचं पहिलं यश. एका सकाळी ती तळाशी निपचित पडलेली दिसली. शोकसभा झाली, दोघांनी भाषणं केली. संध्याकाळी खरी कोळंबी दगडामागून चालत बाहेर आली. पडली होती ती नुसती कात!

जाता जाता एक मनातलं बोलतो. ‘क्लीन-अप क्रू’ या शब्दातच घोटाळा आहे असं मला वाटतं. एकदा का सफाईला कोणी ठेवलं की घाण करणारा आपल्याला सुटल्यासारखा वाटतो. कॉरिडॉरमध्ये चहाचे कप टाकताना आपण हेच म्हणतो ना? ‘मावशी आहेत की!’ मावशी झाडतात म्हणजे कप नाहीसे होत नाहीत, ते उचलून खाली न्यायला कोणाचे तरी गुडघे लागतात. टँकमध्ये निदान समीकरण मांडून दाखवता येतं. हॉस्टेलचं समीकरण ज्याने त्याने आपल्या मजल्यापुरतं मांडावं. इनपुट आपल्या हातात आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

मावशी आता रोज टँकसमोर क्षणभर थांबतात. परवा म्हणाल्या, ‘‘आता बरं आहे. जेवढं ताट तेवढीच माणसं.’’ उरलेला क्लाउनफिश अजून एकटाच आहे. त्याला जोडीदार आणायचा की नाही यावर विंगमध्ये मतदान व्हायचंय. दोन मासे म्हणजे जास्त खाणं, जास्त खाणं म्हणजे जास्त पाणी बदलणं, हे मांडून दाखवल्यापासून बरेच जण गप्प आहेत.

टँकच्या बाजूला पाणी बदलण्याची ड्यूटी लिस्ट चिकटवली आहे. दर रविवारी सकाळी, मेसच्या पोह्यांनंतर. तिसऱ्या रविवारपुढची जागा अजून रिकामी आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणाला बादली धरता येत असेल तर नाव लिहून जा.